सासूबाईंना घरीच प्रभुभोजन द्यायचं आहे. मी हिंदू सून, मी यात काय करू शकते?

फोंड्याची_सून

नमस्कार मंडळी. विचारायचं कोणाला हेच कळेना, म्हणून इथे लिहितेय.

मी म्हार्दोळची. म्हाळसेच्या देवळातल्या घंटेवर आमच्या घरची सकाळ चालायची. लग्न झालं नगरच्या ख्रिस्ती घरात, रजिस्टर पद्धतीने. धर्म बदल असं मला कोणी सांगितलं नाही आणि मीही बदलला नाही. नवरा बोटीवर इंजिनिअर, त्यामुळे घरात मी, पाचवीतला मुलगा आणि सासूबाई. त्यांना मी आईच म्हणते. सासरे गेल्यावर त्या फोंड्याला आमच्याकडे राहायला आल्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी मी त्यांना गाडीने वास्कोला मराठी उपासनेला न्यायचे, कारण त्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याचा विधी, असतं. त्या आत, मी बाहेर पायरीवर. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं पेटीवर चालू असायची, ती ऐकत बसायला मला आवडायचं. पण आत नेमकं काय चालतं ते मी कधी विचारलं नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर आईंना पक्षाघात झाला. डावी बाजू गेली. बांबोळीच्या सरकारी इस्पितळातून घरी आणलं. आता बोलणं जड आहे पण कळतं. पातळ भात कुस्करून दिला की खातात, पेज चमच्याने जाते, मात्र साधं पाणी पाजलं की हमखास ठसका. गाडीत बसवणं शक्यच नाही. आणि रविवार आला की त्यांचं एकच, "भाकर... प्याला." पाळकांना, म्हणजे त्यांच्या चर्चच्या धर्मगुरूंना, फोन केला होता. ते दोन ठिकाणच्या मंडळ्या, म्हणजे चर्चेस, सांभाळतात. येतो म्हणाले, पण दिवस ठरत नाहीये.

म्हणून विचारते. हे मी स्वतः घरी करू शकते का? पुस्तकातून वाचून, पाव आणि द्राक्षाचा रस देऊन? कोणता पाव लागतो? पोदेराचा, म्हणजे इथल्या पाववाल्याचा, चालेल की चपाती? वाइन लागते की नाही? आईंच्या घरात दारूचा थेंब कधी आला नाही आणि इथे तर गल्लीगल्लीत दुकान. आमच्या स्वयंपाकघरात रोज मासे शिजतात, त्याच ओट्यावर हे केलेलं चालतं का? माझ्या अडचणीच्या दिवसांत मी भांड्यांना हात लावायचा नाही का? आणि उरलेलं काय करायचं, तुळशीत घालायचं का? हसू नका, माझ्या डोक्यात प्रसादाचेच नियम येतात, दुसरं काही मला ठाऊक नाही.

शेजारच्या कॅथलिक बाई फार मायाळू आहेत. त्या म्हणतात, "आमच्या पाद्रीला सांगते, तो येऊन देईल." हो म्हणू का?

आणि एक गोष्ट मला खरं तर जास्त छळतेय. आई मागतात पण घाबरतातही. त्यांचा धाकट्या बहिणीशी शेताच्या तुकड्यावरून अबोला आहे. "अयोग्य खाल्लं तर दंड" असं काहीतरी पवित्र शास्त्रात आहे म्हणे. रात्री ते आठवून रडतात.

वेर्णा_बी_शिफ्ट

ताई, एवढा विचार कशाला करताय? आम्ही झुआरीनगरला भाड्याच्या खोलीत दर रविवारी संध्याकाळी भाकर मोडतो, म्हणजे प्रभुभोजनच घेतो. कोणी सोलापूरचा, कोणी कोल्हापूरचा, कोणी बेळगावचा. ज्याची शिफ्ट नाही तो पाव घेऊन येतो. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये २:४६ वाचा. पहिले विश्वासणारे घरोघरीच भाकर मोडत होते. तेव्हा चर्चची इमारत होती कुठे? झगा घातलेला पाळक होता कुठे? घरात मेज आहे, पाव आहे, आईंचा विश्वास आहे. द्या बिनधास्त. देव मन बघतो.

मिरजकर_सिस्टर

फोंड्याच्या सूनबाई, आधी माझी ओळख सांगते म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. मी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्सिंग शिकले, तिथेच नोकरी केली. नवरा पाळक होता. आता म्हापशाला लेकीकडे असते. त्यामुळे रोगी आणि प्रभुभोजन हे दोन्ही माझ्या हाताखालून गेलंय.

पहिलं नर्स म्हणून. आईंना पाण्याने ठसका लागतो हे तू एका ओळीत सांगून पुढे गेलीस, पण माझ्या दृष्टीने तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच. पक्षाघातात गिळण्याचे स्नायू ढिले पडतात. पातळ पदार्थ घशातून वेगाने खाली जातो, श्वासनलिकेचं झाकण वेळेवर पडत नाही आणि तो फुप्फुसात जातो. त्यातून न्यूमोनिया होतो. कोरड्या पावाचा तुकडा तर त्याहून वाईट, तो टाळ्याला चिकटतो. म्हणून जे काही द्यायचं ते आईंना अगदी ताठ बसवून, पाठीला उशा लावून, हनुवटी किंचित छातीकडे झुकवून. पावाचा कण हरभऱ्याच्या डाळीएवढा, रसात पूर्ण भिजलेला, चमच्याच्या टोकावर. उजव्या गालाच्या बाजूने दे, ती बाजू त्यांची चांगली आहे. एक गिळून झालं, तोंड रिकामं झालं, हे पाहून मगच पुढचं. नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. प्याल्यातून घोट बिलकूल नाही. भाकर आणि रस एकत्र भिजवून देणं हे काही आजाऱ्यासाठी काढलेलं पळवाटेचं काम नव्हे, बऱ्याच ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत सगळ्यांनाच चमच्याने तसं देतात. गिळण्याबद्दल एकदा डॉक्टरांना विचारून घेच.

आता तू स्वतः करू शकतेस का? बी शिफ्टवाल्या भावाचं मन मोठं आहे, पण मी त्याच्याशी सहमत नाही. तू हिंदू आहेस म्हणून नव्हे. उद्या माझ्या लेकीने, जिचा बाप्तिस्मा माझ्या नवऱ्याने केला, तिने मला एकटीने दिलं तरी मी नकोच म्हणेन.

तुझी सासू नगरची, म्हणजे बहुधा अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतली. त्या मंडळ्या पुढे चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आल्या. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा वेगवेगळी चर्चेस एकत्र होऊन ते झालं. त्यात अँग्लिकन होते, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल होते, बाप्टिस्ट होते. इतक्या तऱ्हांची माणसं एका मेजाभोवती बसवायची म्हणजे मेजाचा कारभार कोणाकडे हे ठरवावंच लागतं. दीक्षा मिळालेला पाळक भाकर आणि प्याला घेऊन उपकारस्तुती करतो, शब्द म्हणतो, वाटतो. तो पाळक फार पवित्र असतो अशातला भाग नाही. माझाच नवरा होता, मला माहीत आहे. तो मंडळीच्या वतीने उभा असतो, म्हणून तो.

आणि मुद्दा हाच आहे. तू प्रसादाचं म्हणालीस. तसं समजलीस तर फार दूर गेली नाहीस, पण एक फरक लक्षात घे. प्रसाद पुडीत बांधून पाठवता येतो, घेणारा एसटीत बसून एकटा खातो, काही बिघडत नाही. प्रभुभोजनात देणारा लागतो आणि सोबत खाणाराही लागतो. आई अंथरुणात मागतात ती नुसती भाकर नाही ग. महिनोन्महिने त्या वास्कोच्या बाकांवरच्या माणसांत बसल्या नाहीत, त्या माणसांना मागतात. तू कितीही प्रेमाने पाव भिजवलास तरी ती माणसं तुझ्याने आणता येणार नाहीत. पाळकांनाच आणायला लावायची.

भाकर खरंच येशूचं शरीर होते की ती नुसती आठवण आहे, यावर मात्र इथे कोणी वाद काढू नये ही हात जोडून विनंती. १५२९ साली ल्यूथर आणि झ्विंग्ली हे दोन प्रोटेस्टंट सुधारक जर्मनीत मारबुर्गला समोरासमोर बसले, पंधरापैकी चौदा मुद्द्यांवर त्यांचं जमलं, आणि या एकावर फाटलं. ते आपल्याकडून सुटणार नाही.

आता स्वयंपाकघर. पाव पोदेराचाच आण, आतला मऊ भाग घे, उंड्याचं, म्हणजे गोल कडक पावाचं, कवच नको. आमच्या मिरजेकडच्या खेड्यांत चपातीचे तुकडे करत, तेही चालतं, पण आईंना भिजायला पाव बरा. वाइन नको. १८६९ मध्ये अमेरिकेत वेल्च नावाच्या मेथडिस्ट दंतवैद्याने द्राक्षरसाच्या बाटल्या उकळत्या पाण्यात ठेवून आंबणं थांबवलं, ते प्रभुभोजनासाठीच. तेव्हापासून दारू न पिणाऱ्या मंडळ्यांची सोय झाली. आपल्याकडे मात्र खोक्यातला रस यायच्या कितीतरी आधीपासून काळ्या मनुका. शनिवारी रात्री स्वच्छ धुऊन भिजत घाल, सकाळी त्याच पाण्यात मंद आचेवर मऊ होईस्तोवर शिजव, हाताने कुस्कर, मलमलीतून गाळ. साखर घालू नकोस. पुन्हा थोडं आटवलंस तर मधाच्या अलीकडचा दाटपणा येतो, तुझ्या कामाचा तोच. आईंना मधुमेह असला तरी अर्ध्या चमच्याने काही होत नाही.

मासे शिजवणाऱ्या ओट्यावर खुशाल कर. येशूचे पहिले शिष्यच मासे धरणारे होते. आणि अडचणीचे दिवस म्हणतेस, तर यात तसलं काही नाही. बारा वर्षं रक्तस्राव होत असलेल्या बाईने गर्दीत त्याच्या वस्त्राला हात लावला, तेव्हा त्याने तिला "मुली" म्हणून हाक मारली. भांडी स्वच्छ असावीत, बस.

उरलेलं तिथेच संपवायचं. जुन्या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात पाळकाने आणि सोबतच्यांनी ते आदराने खाऊन-पिऊन टाकावं असा नियमच आहे. रसाचे थेंब राहिले तर भांड्यात पाणी घालून ते झाडाच्या मुळाशी. तुळशीची हरकत नसेल. आईंची आहे का, ते विचार.

अबोल्याबद्दल उद्या लिहिते. हात दुखतो.

फोंड्याची_सून

सिस्टर मावशी, काय बोलू. चमच्याचं आणि हनुवटीचं आजच करून पाहिलं, पेज ठसक्याशिवाय गेली.

एक शंका. त्या दिवशी काही म्हणजे काहीच गिळता आलं नाही तर? सगळे जमले, पाळक आले, आणि आईंना जमलंच नाही तर त्यांना काय वाटेल?

दिवचलकार

नमस्कार. माझं मराठी शाळेतलं आहे, घरी कोंकणी, चुकलं तर सांभाळून घ्या. मी कॅथलिक. आमच्या विगारीत (चर्चच्या विभागात) आजाऱ्यांना कुमगार, म्हणजे आमचं प्रभुभोजन, नेऊन देणाऱ्यांपैकी एक आहे. त्यासाठी शिकवणी होते, बिशपची परवानगी लागते. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी सकाळी गळ्यात डबी अडकवून निघतो. ती डबी अंगावर असताना वाटेत गप्पा नाहीत, चहा नाही, थेट आजाऱ्याच्या खाटेपाशी.

ताई, शेजारणीचं मन चांगलं आहे, पण तिला थांबवा. तिला वाईट वाटू नये म्हणून कारण सांगतो, ते तिला वाचून दाखवा. आमचा पाद्री प्रोटेस्टंट माणसाला सहसा देऊ शकत नाही. चर्चच्या कायद्याचं ८४४ वं कलम आहे. मरणाची भीती असेल, स्वतःच्या मंडळीचा पाळक मिळत नसेल, आजाऱ्याने आपणहून मागितलं असेल, आणि या संस्काराविषयी आमची जी श्रद्धा ती त्याला मान्य असेल, तेव्हा वाट आहे. तुमच्या सासूबाईंचा पाळक वास्कोत आहे, येतोही म्हणतो. मग पाद्रीला उगाच अडचणीत घालू नये. शेजारणीने स्वतः ओस्त, म्हणजे कुमगारची पातळ भाकर, आणून देणं तर मुळीच नको.

आमच्याकडे नियम कडक आहेत. ओस्त फक्त गव्हाच्या पिठाची आणि पाण्याची, यीस्ट नाही. वाइन द्राक्षाचीच, आंबलेली. सिस्टर मावशींचं मनुकांचं पाणी आमच्या वेदीवर चालणार नाही, पण वाचून तोंडाला पाणी सुटलं.

तयारी कशी करावी ते मात्र सांगू शकतो, हे दोघांकडेही चालेल. खाटेजवळ लहान टेबल, त्यावर धुतलेलं पांढरं कापड, क्रूस, मेणबत्ती, पाण्याचा ग्लास आणि चमचा. टीव्ही बंद. औषधांच्या बाटल्या दुसरीकडे हलवा. ते टेबल पाहिलं की आजाऱ्याचा चेहरा बदलतो. आणि उपाशी ठेवू नका. आमच्यात कुमगार घ्यायच्या आधी एक तास उपास असतो, पण म्हाताऱ्यांना आणि आजाऱ्यांना तोही माफ आहे.

गिळता आलं नाही तर काय, याचं उत्तर आम्हाला २०२० मध्ये शिकावं लागलं. मार्चमध्ये इगर्जी, म्हणजे आमची चर्चेस, बंद झाल्या. मिस, म्हणजे उपासना, मोबाइलवर. माझी आई, जिने आयुष्यात रविवार चुकवला नाही, ती मोबाइलसमोर गुडघ्यांवर. आम्ही मोबाइलपुढे पाव ठेवून तो कुमगार म्हणून खाल्ला नाही, आमच्यात तसं होत नाही. संत आल्फोन्सस लिगुरीची प्रार्थना आहे, १८ व्या शतकातली: आता मला तुला संस्कारात घेता येत नाही, निदान माझ्या मनात तरी ये. ती म्हणायचो. आई म्हणायची, "भूक रावली, पूण तो आयलो." भूक राहिली पण तो आला.

वेर्णा_बी_शिफ्ट

आम्ही मात्र २०२० मध्ये मोबाइलसमोर पाव ठेवून घेतलं. सगळे आपापल्या खोलीत, व्हिडिओ कॉलवर. मला तरी ते खोटं वाटलं नाही. सिस्टर, तुम्ही कृत्ये २:४६ ला उत्तरच दिलं नाहीत.

मिरजकर_सिस्टर

देते की. घरोघरी भाकर मोडत होते हे खरं. पण ग्रीसमधल्या करिंथ शहरातही घरातच मोडत होते, आणि तिथे काय झालं ते प्रेषित पौलाने ५५ सालाच्या सुमारास लिहून ठेवलंय, करिंथकरांना पाठवलेल्या पहिल्या पत्राच्या ११ व्या अध्यायात. ज्यांच्याकडे वेळ आणि पैसा ते लवकर येऊन आपापलं खाऊन-पिऊन मोकळे. राबणारे उशिरा यायचे तेव्हा पातेली रिकामी. एक उपाशी, दुसरा झिंगलेला. त्यावर पौल भडकला. तेव्हा घर की चर्च हा प्रश्नच नाही रे. तुमच्या खोलीत बी शिफ्ट संपून येणाऱ्यासाठी तुम्ही थांबता का? थांबत असाल तर तुमचं बरं चाललंय. तुमच्या परंपरेत पाळकाशिवाय भाकर मोडतात, ते मला मान्य आहे, ब्रदरन मंडळ्या शे-दोनशे वर्षं तसंच करतायत. पण ही आई तुमच्या परंपरेतली नाही. तिला तिच्या मंडळीचं मेज हवं.

आणि गैरहजर माणसाचं काय करायचं हेही जुनंच ठरलेलं आहे. रोममध्ये राहणाऱ्या जस्टिनने, जो पुढे हुतात्मा झाला, साधारण १५५ साली बादशहाला उद्देशून लिहिलेल्या निवेदनात रविवारच्या उपासनेचं वर्णन केलंय. वाचन, उपदेश, प्रार्थना, भाकर आणि प्याला, वाटणी, आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे सेवक त्यांचा वाटा घेऊन जातात. म्हणजे आजाऱ्यासाठी वेगळा विधी मांडायचा नाही, रविवारच्याच मेजावरून त्याचा वाटा जायचा. सूनबाई, पाळकांना नेमकं हेच माग. "सवडीने या" म्हणू नकोस, सवड कोणालाच नसते. म्हण, "पहिल्या रविवारी उपासना झाली की मेजावरची भाकर घेऊन सरळ फोंड्याला या, सोबत एक वडील किंवा महिला मंडळातल्या कोणी आणा, जेवण आमच्याकडे." जेवणाचं सांगायला विसरू नकोस. मी पाळकाची बायको होते.

गिळता न आल्याचं दिवचलकारांनी छान सांगितलं. आमच्याकडेही आहे. १६६२ च्या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात आजाऱ्यांच्या विधीखाली स्पष्ट सूचना आहे की आजारामुळे तोंडाने घेता आलं नाही, पण माणसाला पश्चात्ताप आहे, विश्वास आहे, मनात उपकारस्तुती आहे, तर त्याने आत्म्याच्या हितासाठी ते घेतलंच असं पाळकाने त्याला समजावून सांगावं. पाळकांना आधीच कल्पना देऊन ठेव, म्हणजे ऐन वेळी ते गडबडणार नाहीत. ओठांना नुसता चमचा टेकवला तरी पुरे.

आता अबोला. "अयोग्य प्रकारे" हा शब्द आपल्या मंडळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्या डोक्यावर टांगून ठेवलाय. माझ्या ओळखीतल्या एक बाई दर पहिल्या रविवारी बाकावरच बसून राहायच्या, आपण लायक नाही म्हणून. पौलाचा राग अशांवर नव्हता. ज्यांनी दुसऱ्याला उपाशी ठेवून खाल्लं त्यांच्यावर होता. लायक कोण आहे? येशूच्या शेवटच्या भोजनाला यहूदाही त्या मेजावर होता आणि पेत्रही, आणि दोघांनी त्याच रात्री त्याला कसं अंतर दिलं ते तुझ्या सासूला विचार, तिला तोंडपाठ असेल.

पण बहिणीचं प्रकरण मी झटकून टाकणार नाही. बायबलात मत्तयाच्या ५ व्या अध्यायात येशू स्वतः म्हणतो, वेदीपाशी आल्यावर आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. आईंना जाता येत नाही. फोन लावता येतो. शेताचा निकाल लागायची गरज नाही. मोजणी, सातबारा, ते सगळं नंतर. आवाज ऐकू दे एकमेकींचा.

मुक्तिफौज_नगर

मी मुक्तिफौजेतला (साल्व्हेशन आर्मी), नगरचा. आमच्यात हा विधीच नाही. आमचे संस्थापक विल्यम बूथ यांनी १८८३ मध्ये बंद केला, बाह्य विधीवर भिस्त ठेवण्यापेक्षा रोजचं जगणं तसं असावं म्हणून, आणि वाइनचा प्रश्न होताच. माझी आजी प्रत्येक जेवणाआधी "हे तुझं" म्हणायची, तेच आमचं. सासूबाईंना देऊ नका असं म्हणत नाही, अवश्य द्या. फक्त दोन पहिल्या रविवारांच्या मध्ये त्यांचं काय, म्हणून लिहिलं. पेज भरवताना डोळे मिटून एक वाक्य त्यांना म्हणू द्या, किंवा तुम्ही म्हणा. त्याला कुठलाच पाळक हरकत घेणार नाही.

फोंड्याची_सून

उशीर झाला उत्तर द्यायला, माफ करा. घरात बरंच काही घडलं.

नगरला व्हिडिओ कॉल लावला. मावशींनी, म्हणजे आईंच्या बहिणीने, उचलला, आईंना बघितलं आणि दोघी कितीतरी वेळ गप्प. मग मावशी म्हणाल्या, "तोंड वाकडं झालंय तुझं." आई म्हणाल्या, "तुझं आधीपासूनच आहे." मी उठून स्वयंपाकघरात गेले. परत आले तर कांद्याच्या भावावर बोलणं चाललं होतं. शेताचा विषय कोणीच काढला नाही. समेट याला म्हणतात का मला माहीत नाही, पण त्या रात्री आई रडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मावशींचाच फोन आला, औषधं कोणती चालू आहेत विचारायला.

पाळकांना सिस्टर मावशींनी सांगितलेलं वाक्य जसंच्या तसं म्हटलं, जेवणासकट. ते हसले आणि लगेच हो म्हणाले. येत्या पहिल्या रविवारी वास्कोची उपासना आटपून तिथूनच निघतील, महिला मंडळातल्या दोघी सोबत येतील. भाकर ते मेजावरचीच आणणार. रस मात्र मी केलेला चालेल म्हणाले, कारण दाट लागतो हे मी समजावून सांगितलं. तो त्यांच्याकडे आदल्या दिवशी पोचवायचा, म्हणजे तोही मेजावर राहील. शनिवारी फोंडा-वास्को बसने पाठवतेय, भाचा जातोच कामाला तिकडे.

शेजारणीला दिवचलकार दादांचं वाचून दाखवलं. तिला वाईट नाही वाटलं. म्हणाली, आमच्याकडेही असंच आहे हे मला ठाऊक होतं, पण म्हातारीचे डोळे बघवेनात म्हणून बोलून गेले. पांढरं कापड ती देणार आहे, तिच्या आईच्या हातचं, कडेला क्रोशाचं. तिला त्या वेळी खोलीत उभं राहायचंय. चालेल ना?

आणि मुलगा विचारतोय, मला मिळणार का? त्याचा बाप्तिस्मा झालेला नाही. माझंही तेच. आईंनी मला हात करून "तूही" म्हटलं तर मी काय करू?

मिरजकर_सिस्टर

शेजारीण खुशाल उभी राहू दे. प्रार्थनेत आमेन म्हणेल, एवढंच करायचं.

तुला आणि मुलाला भाकर मिळणार नाही, बाप्तिस्म्याआधी आमच्यात देत नाहीत. पाळक ते स्वतःच सांगतील, पण आईंसमोर अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून तू आदल्या दिवशीच त्यांच्या कानावर घाल. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून ते आशीर्वाद देतील, तसं माग. आईंनी "तूही" म्हटलं तर त्यांचा हात हातात घे आणि बसून राहा, उत्तर द्यायची गरज नाही. पुढे कधी तुला वेगळं वाटलं तर तो वेगळा धागा काढ.

चमचा तू धर. पाळक शब्द म्हणतील, भाकर भिजवतील, पण घास तुझ्या हातून जाऊ दे असं त्यांना सांग. आईंचं गिळणं तुला कळतं, त्यांना नाही. आणि ताठ बसवायला महिला मंडळातल्या दोघींना लाव, स्वतःची कंबर मोडून घेऊ नकोस. मनुका बिया असलेल्या आणल्यास तर दोनदा गाळ.